मदत हवी आहे: पातेल्याचा कान निखळतोय, गळतंय पण

गोदाकाठ: मोठ्या पातेल्याचा एक कान हलतोय. रिव्हेटच्या, म्हणजे कान जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्याच्या, कडेने थेंब गळतात आणि गॅसवर चर्र होतं. शनिवारी 60 माणसं जेवायला आहेत. नवं पातेलं घ्या असं सांगू नका. घरीच कसं बसवू?

ठोकाठोकी: धातू कोणता? किती लिटरचं? रिव्हेट किती?

गोदाकाठ: 20 लिटर, कानाला दोन रिव्हेट. बाकी नेहमीचं पातेलं आहे हो.

ठोकाठोकी: म्हणजे ॲल्युमिनियम धरतो. जुन्या रिव्हेटचं डोकं ड्रिलने काढा, उरलेला दांडा सुंभ्याने (पंचने) मागे ठोका. भोक लांबट झालं असेल तर 6 मिमीऐवजी 8 मिमीचं करा. रिव्हेट भरीवच हवा, पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, तो गळणारच. लांबी = पत्रा + कानाची पट्टी + व्यासाची दीडपट. 3 + 3 मिमी जाडी आणि 8 चा रिव्हेट असेल तर 18 मिमी. आतून जड लोखंड टेकवून बाहेरून ठोका. स्टीलचा नट-बोल्ट लावू नका, मिठाच्या पाण्यात त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

सातपूर_आर्गन: कशाला एवढी खटपट? आर्गन वेल्डिंग करा, दहा मिनिटांचं काम.

ठोकाठोकी: जुन्या ॲल्युमिनियममध्ये तेल मुरलेलं असतं, वेल्डला बुडबुडे धरतात. आणि पातळ पत्रा वेल्डच्या शेजारीच चिरतो.

सातपूर_आर्गन: आधी घासून डिग्रीज केलं, म्हणजे तेल काढलं, तर नाही धरत. न घासता करणाऱ्यांचं धरतं.

कुकरवाली: माझ्या मते कुकरच्या छोट्या दांडीचा स्क्रू दर महिन्याला आवळावा.

ठोकाठोकी: ताई, इथे कुकर नाही.

चौकस: कान सैल का झाला ते बघा. भरलेलं पातेलं एकाच कानाला धरून ओढलं की सगळा भार वरच्या रिव्हेटवर येतो. 20 लिटर पाणी म्हणजेच 20 किलो, वर भांड्याचं वजन. दोन माणसं, दोन कान. कान काठाच्या जवळ हवेत, फार खाली असले तर भरलेलं भांडं उचलताना कलंडतं. आणि कापड धरून चार बोटं आत जावीत एवढी फट हवी. हल्ली चिमटीत मावेल एवढेच कान देतात.

मिसळप्रेमी: 60 माणसं म्हणजे मिसळच ना? पापड विसरू नका.

गोदाकाठ: मिसळच. पण पातेलं पितळी आहे, आतून कल्हई (कथलाचा थर) केलेलं. यात सांगण्यासारखं काय होतं?

ठोकाठोकी: सगळंच! वरचं सगळं विसरा. तांब्याचे भरीव रिव्हेट घ्या, आधी लाल तापवून पाण्यात विझवा, मऊ होतात. कथलाचा डाख लावून कान चिकटवू नका, कथील 232 अंशाला वितळतं, रस्सा आटला की कान हातात येईल. नवे रिव्हेट आतून उघडे राहतात, म्हणून आधी कान, मग कल्हई. हा क्रम उलटा केलात तर चिंचेचा रस्सा सरळ पितळेला लागेल. घरी करू नका, नाशिकच्या तांबट लेनमध्ये न्या, कल्हईचंही तिथेच विचारा.

गोदाकाठ: आज देऊन शुक्रवारपर्यंत मिळेल?

सातपूर_आर्गन: पितळ आर्गनने पण होतं.

ठोकाठोकी: जस्ताचा धूर सोडत. गोदाकाठ, जाताना पातेलं आतून तेलकट नेऊ नका, सोड्याने घासून न्या.