मदत हवी आहे: गिल्डमध्ये मी नवा, पण अंगावरचं सामान जुन्यांपेक्षा भारी. कसं निभवायचं?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. प्रश्न मोबाईल-कम्प्युटरवरच्या खेळाचा आहे, पण पोरांचा नाही, माझा स्वतःचा. वय चाळिशीच्या पुढं, शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप. रात्री शटर ओढलं की तासभर मोकळा असतो.

माझा भाचा अल्बियन ऑनलाइन खेळायचा. २०२३ मध्ये आशियासाठी वेगळा सर्व्हर आला तेव्हा त्याचं पिंग, म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा वेग, सुधारलं आणि अभ्यास बिघडला. आता नोकरीला बेंगळुरूला गेलाय. जाताना खेळातली सगळी पेटी माझ्या पात्राकडं रिकामी करून गेला: चांदी, घोडे, कपडे, हत्यारं. खातं माझं स्वतःचं आहे, नवं. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. वर मी खेळाच्याच दुकानातनं थोडं सोनं घेतलं आणि बाजारात चांदीत मोडलं. चोरीचं काही नाही.

भाच्याच्या ओळखीनं एका मराठी गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मंडळात, घेतलं. बहुतेक पोरं आपल्याकडचीच. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, दोघं-तिघं दुबईतनं. पहिल्या रात्री व्हॉइसवर मी तोंड उघडायच्या आधीच एकानं माझं पात्र तपासलं. "फेम एवढीशी, आणि अंगावर ४.३? काका, कुठली लॉटरी?" (फेम म्हणजे खेळून मिळवलेला अनुभव. ४.३ म्हणजे चौथ्या पायरीचं, टी ४ चं सामान, वर तीनदा चढवलेलं.) सगळे हसले, मीही हसलो.

तिथनं दोन गट पडले. एक गट मला 'शेठ' म्हणतो. शेठ, जरा चांदी द्या, शनिवारी परत. शेठ, तो बैल द्या, सामान आणतो. शनिवार येतो, चांदी येत नाही. दुसरा गट मला हेर समजतो. मी चॅनेलवर आलो की बोलणं बंद. लढाईची वेळ सगळ्यांना सकाळीच ठाऊक असते, मला निघताना कळते.

मागं एकदा केअरलिऑनला, खेळातल्या एका शहरात, सामान न्यायचं होतं. रेड झोनमधनं जावं लागतं. 'शेठ'वाले म्हणाले, "भारीतलं घालून चला आणि पुढं राहा." पुढं गेलो. झोन बदलला तर समोर टोळकं उभंच. आमची पोरं मागच्या झोनमध्येच "लोड होतंय, लोड होतंय" करत राहिली. सगळं गेलं. नंतर व्हॉइसवर एकजण म्हणाला, "शेठला काय, उद्या नवं घेतील."

सामान गेल्याचं एवढं नाही. रेड झोनमध्ये मेलं की जातंच, ते कळून खेळतोय. पण माझ्यामागनं एक पोरगं गिल्डमध्ये आलं, साधं टी ४ घालून. त्याला हीच मंडळी हाताला धरून शिकवतायत. कुठला मॉब (खेळातला राक्षस) कसा मारायचा, पळायचं कुठनं, सगळं. मला कुणी एक वाक्य सांगत नाही.

तर विचारायचं असं. भारी सामान बँकेत टाकून साध्यात फिरू का, की ते नाटक वाटेल? गिल्ड सोडू? उसनं दिलेलं मागायचं कसं? वयानं मीच मोठा, मागितलं की "काका चिडले" होतं. आणि आता पन्हाळ्याला रस्सा मंडळ करायचं म्हणतायत, त्याचा खर्च 'शेठकडं' असं परस्पर ठरलंय.

नाद_खुळा_४१६

काका, बीजीएमआयमध्ये या, बंदुकांच्या मोबाईल खेळात, तिथं स्किननं (बंदुकीच्या सजावटीनं) बंदूक जोरात लागत नाही 😂 पण खरं सांगू, तिथंही हेच. एम४१६ बंदुकीला ग्लेशियरची भारी स्किन लावलेला पोरगा पहिल्या दोन मिनिटांत मेला की अख्खा स्क्वॉड त्याच्यावर तुटून पडतो. साधी बंदूक घेऊन मेला असता तर कुणी बघितलंही नसतं.

रस्सा मंडळाला मात्र मला बोलवा.

चेस्टची_किल्ली

उद्यमनगरी काका, मी याच खेळात, याच सर्व्हरवर एका गिल्डमध्ये (तुमच्या नव्हे) भरतीचं काम बघते, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगते.

तुमच्यासारखं पात्र माझ्यासमोर आलं की मी आधी दोन आकडे बघते, फेम आणि अंगावरच्या सामानाची आयटम पॉवर. साध्या टी ४ ची पॉवर ७००. पुढं टी एकानं चढला किंवा पॉइंटनंतरचा आकडा एकानं चढला, की १०० वाढतात. म्हणजे तुमचं ४.३ आणि साधं टी ७, दोन्ही १००० वर. फरक असा की टी ७ घालायला डेस्टिनी बोर्डवर, म्हणजे प्रगतीच्या तक्त्यावर, आधी महिनोन्‌महिने खपावं लागतं, आणि ४.३ घालायला टी ४ उघडलं की पुरे. त्यामुळे कमी फेम आणि अंगावर ४.३ दिसलं की माझ्या डोक्यात चारच शक्यता येतात. जुन्या खेळाडूचं दुसरं पात्र, विकत घेतलेलं खातं, बाहेरून रुपयांत चांदी घेणारा, किंवा दुसऱ्या गिल्डनं पाठवलेला माणूस. 'भाच्यानं दिलं' ही पाचवी शक्यता मला आजच कळली.

यातल्या दोन गोष्टी खेळाच्या नियमातच बसत नाहीत आणि खाती बंद होतात. तशा माणसानं दिलेली चांदी गिल्डच्या तिजोरीत आली तर उद्या उत्तरं आम्हाला द्यावी लागतात. हेराचं म्हणाल तर ती भीती पोरकट नाही. हाइडआउटमधली चेस्ट, म्हणजे गिल्डच्या अड्ड्यावरची सामायिक पेटी, एका रात्रीत साफ होते. लढाईची वेळ फुटली की वीस-तीस जणांचं सामान जातं आणि मग रिगिअर, म्हणजे गेलेल्या सामानाची भरपाई, कुणी द्यायचं यावर गिल्ड मोडते. मी मोडलेली बघितली आहे.

म्हणून माझं मत तुम्हाला कदाचित उलटं वाटेल. जो गट तुमच्यावर संशय घेतोय, तीच तुमची माणसं. त्यांना गिल्डची काळजी आहे आणि संशय फिटू शकतो. 'शेठ' म्हणणाऱ्यांना फिटण्यासारखं काहीच नाही, त्यांचं काम चाललंय.

खंडोबा_वेस

ताईंशी सहमत. आमच्या पेठेत फुटबॉलचं असंच आहे. गांधी मैदानावर सरावाला कुणी पोरगं नवेकोरे महागडे स्टड घालून आलं, की पहिल्या दहा मिनिटांत दोन टॅकल त्याच्याच पायावर. वैर नसतं. शाहू स्टेडियमवर भर मॅचमध्ये हा उभा राहणार का, एवढंच बघायचं असतं. उठला, चिखल झटकला, बॉल मागितला की विषय संपला. पुढच्या आठवड्यात त्याचेच स्टड मागून घालतात. पण "माझे स्टड खराब झाले" म्हणाला की मग हंगामभर तेच ऐकतो.

काका, तुम्ही सामान गेल्यावर काय म्हणालात व्हॉइसवर?

उद्यमनगरी

@खंडोबा_वेस काहीच नाही म्हणालो. जेवायला हाक आली म्हणून उठलो.

@चेस्टची_किल्ली ताई, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मला आयटम पॉवर म्हणजे फक्त माराचा आकडा वाटत होता. माझी फेम खरंच नगण्य आहे आणि ती विकत मिळत नाही हे आता कळतंय. एक शंका: सामान इतकं भारी असून मी साध्या पोरांकडनं मरतो कशामुळं?

चेस्टची_किल्ली

स्पेकमुळे. तेच हत्यार घेऊन लढत राहिलं की डेस्टिनी बोर्डवर त्याचं स्पेशलायझेशन वाढतं आणि त्याचीही आयटम पॉवर मिळते. जुन्या माणसाच्या हातात तुमचंच ४.३ तुमच्यापेक्षा बरंच वर जातं. शिवाय कधी कुठली स्किल दाबायची हे बोटांत असतं, ते वेगळंच. तुमचं सामान तुम्हाला वाचवत नाही, उलट लांबून दिसतं. गँक करणारे, म्हणजे टोळीनं गाठून लुटणारे, आधी बघतात की कुणाच्या अंगावर काय आहे.

जुना_कॅफेवाला

राजारामपुरीत आमचं नेट कॅफे होतं, तेव्हापासून हे भांडण बघतोय. थोडा इतिहास सांगतो, कारण याची उत्तरं खेळ बनवणाऱ्यांनीही शोधून बघितली आहेत.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये १० ते १९ लेव्हलची वेगळी मैदानं होती. तिथं काही लोक १९ वर मुद्दाम थांबायचे आणि वरच्या लेव्हलच्या पात्राच्या पैशांतून त्या लेव्हलला मिळेल ते सगळ्यात महाग सामान चढवायचे. त्यांना ट्विंक म्हणत. खराखुरा नवा माणूस तिथं गेला की दोन फटक्यांत आडवा. बोंबाबोंब झाली. २००९ च्या ३.२ पॅचमध्ये मैदानातही अनुभव मिळायला लागला, म्हणजे आपोआप लेव्हल वाढणार. ज्याला थांबायचंय त्यानं १० गोल्ड मोजून अनुभव बंद करायचा, पण मग त्याची गाठ तसल्याच अनुभव बंद केलेल्यांशी. गंमत बघा, नवख्यांना मारण्यात ज्यांना मजा होती त्यांना बरोबरीच्यांशी लढायचा कंटाळा आला, आणि ट्विंकांना मॅच मिळेनाशी झाली. जे हौसेनं ट्विंक होते ते मात्र टिकून राहिले.

डार्क सोल्समध्ये आणखी वेगळं. कमी लेव्हलवर राहून जबर हत्यार घेऊन दुसऱ्याच्या जगात घुसायचे. दुसऱ्या भागात, २०१४ मध्ये, आतापर्यंत एकूण किती सोल्स (तिथलं चलन) कमावल्या यावर जोड्या लावायला सुरुवात केली. त्यात मरून सोल्स गमावलेला गरीबही श्रीमंतांत मोजला जाऊ लागला. २०१६ च्या तिसऱ्या भागात मग हत्यार किती चढवलंय तेही बघून जोड्या लावल्या. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. फायनल फँटसी १४ मध्ये तर जुन्या डंजनमध्ये (राक्षसांच्या गुहेत) तुमची लेव्हल आणि सामान दोन्ही आपोआप खाली आणतात, आणि नवख्याच्या नावाशेजारी कोंब दाखवतात, म्हणजे लोक आपणहून सांभाळून घेतात.

अल्बियनमध्येही काही डंजनांत आयटम पॉवरला लगाम आहे. पण रेड आणि ब्लॅक झोनमध्ये तुमच्या डोक्यावर कोंब नाही. तिथं माणसंच ठरवतात.

सडेतोड_सांगलीकर

सगळे काकांना कुरवाळतायत. पैसे टाकून पुढं जायचं आणि वर शिकवतही नाहीत म्हणायचं? आम्ही रात्र-रात्र लाकडं तोडून टी ४ वर आलो. त्या नव्या पोराला शिकवतात कारण तो विचारतो. तुम्ही विचारलंत का कुणाला काही?

जुना_कॅफेवाला

भाषा सोडली तर शेवटचा प्रश्न रास्त आहे. पण 'पैसे टाकून पुढं' हे इथं लागू नाही. काका पुढं गेलेलेच नाहीत, मेलेत ते. स्मर्फच्या अगदी उलटा प्रकार आहे हा. स्मर्फ म्हणजे कसलेला खेळाडू नवख्याचा मुखवटा घालतो. डोटा २ मध्ये २०२३ साली असली ९०,००० खाती एका झटक्यात बंद केली. काका नवखे आहेत आणि अंगावर मुखवटा कसलेल्याचा. लोकांना दोघांचाही राग येतो कारण समोरच्याचा अंदाज चुकतो. पण स्मर्फ दुसऱ्याचा खेळ नासवतो, काका फक्त स्वतःचा.

उद्यमनगरी

@सडेतोड_सांगलीकर नाही विचारलं. वर्कशॉपमध्ये दिवसभर पोरं मला विचारतात, रात्री उलटं करायला जीभ वळत नाही. तुमचा मुद्दा घेतला. लाकडं तोडायला मात्र आवडतील, उगाच टोमणा समजू नका.

चेस्टची_किल्ली

काका, मग सरळ असं करा. तुम्हाला सगळ्यात जास्त खोचून बोलणारा जो अधिकारी असेल त्याला वेगळा मेसेज टाका. भाच्याचं पात्राचं नाव द्या. तो त्या गिल्डला ठाऊक आहे, पडताळायला सोपं जाईल. आणि म्हणा, चेस्टची परवानगी मला नकोच, फक्त लढाईला घ्या. हेराला चेस्ट हवी असते. नको म्हणणाऱ्याबद्दलचा निम्मा संशय तिथंच गळतो.

भारी सामान लपवू नका, विकूही नका. पण शिकताना साधं टी ४ घाला, नाटक म्हणून नव्हे, तर मेल्यावर पाच मिनिटांत परत उभं राहता येतं म्हणून. एकच हत्यार धरा. यलो झोनमध्ये हरलात तर आडवे पडता, सामान जात नाही, तिथं हात बसवा. मग मिस्टमध्ये, खेळातल्या धुक्याच्या भागात, एकट्यानं जा.

उसनवारीचं: नव्यानं कुणालाही हातोहात देऊ नका. द्यायचंच तर गिल्डच्या खात्यात द्या आणि अधिकाऱ्याला वाटू द्या. जुनं मागायचं तर एकदाच, सगळ्यांसमोर, न चिडता: "ज्यांच्याकडं आहे त्यांनी गिल्डच्या तिजोरीत भरा." स्वतःसाठी मागितलं नाही की 'काका चिडले' म्हणता येत नाही. आलं तर आलं.

केअरलिऑनच्या रस्त्याचं मी ठामपणे काही म्हणणार नाही. ठरवून केलं असेल किंवा पोरं खरंच घाबरली असतील. पण त्या पोरांबरोबर पुन्हा भारी सामान घालून जाऊ नका.

खंडोबा_वेस

आणि रस्सा मंडळ टी.टी.एम.एम. करा. कोल्हापुरात मटणाच्या वर्गणीत कुणी सूट देत नाही आणि मागतही नाही.

उद्यमनगरी

अपडेट देतो. अधिकाऱ्याला मेसेज टाकला. पोरगं निघालं इचलकरंजीचं, यंत्रमागावर रात्रपाळी करून खेळतं. भाच्याला ओळखत होतं. म्हणालं, "काका, आधी का नाही सांगितलं, आम्ही तुम्हाला त्या पलीकडच्या गिल्डचा समजत होतो." चेस्ट नको म्हटल्यावर हसलं. परवा यलो झोनमध्ये माझा एका भाल्यावर हात बसवून घेतला आणि माझ्या प्रत्येक चुकीला नाव ठेवलं. शिव्या बऱ्याच खाल्ल्या.

तिजोरीचं सगळ्यांसमोर बोललो. एकानं भरलं, बाकीचे 'बघतो' म्हणाले. दोघांनी त्याच रात्री गिल्ड सोडली, बैलासकट.

वर्गणी डोक्यामागं सारखी ठरलीय. एकच प्रश्न उरला, ताई: मिस्टमध्ये एकट्यानं भाला चालतो का, की दुसरं हत्यार धरू?

चेस्टची_किल्ली

चालतो. भाला सोडू नका, स्पेक वाटून गेलं तर दोन्हीकडं अर्धवट राहाल. जोडीला पळायला सोयीचे बूट घ्या, आणि समोरचा दिसला की आधी लढायचं की निघायचं ते ठरवा.