शेळीच्या पायाची जखम पाच दिवसांनंतरही भरत नाही

प्रश्न: तारेत अडकून शेळीच्या मागच्या पायाच्या नळीवर साधारण ५ सेंमी लांब जखम झाली आहे. दिवसातून दोनदा हायड्रोजन पेरॉक्साइड ओततो. फेस येतो, पण आता कडा पांढुरक्या पडल्यात, थोडा पूही आहे. टाके घालून घ्यावेत का?

उत्तर १: पेरॉक्साइड आजच बंद करा. तो फेस जंतूंबरोबर नव्याने भरत येणारं मांसही जाळतो. पांढऱ्या कडा बहुधा त्याच्याच.

एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा. आधी जखमेत पाण्यात विरघळणारी स्वच्छ जेली भरा, मग भोवतीचे केस कापा. म्हणजे कापलेले केस आत चिकटत नाहीत, जेलीबरोबर धुऊन निघतात. २० मिलीची सिरिंज आणि १८ नंबरची सुई घेऊन, सुई न टोचता, निदान ३०० मिली पाणी जोराने आत मारा. नुसतं वरून ओतलं तर खाचेतली घाण जागची हलत नाही. नंतर १० टक्के पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक) १० मिली एका लिटर पाण्यात मिसळून त्याने धुवा. रंग कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. दाट घातलं म्हणून जास्त गुण येत नाही, उलट पेशी मरतात.

पुसायला कापूस नको, त्याचे धागे आत राहतात. गॉज वापरा. हलकं टिपल्यावर लालसर दाणेदार मांस दिसलं आणि टिपूसभर रक्त आलं, तर जखम भरायला लागली समजा.

उत्तर २: टाके आता नकोत. स्वच्छ जखम पहिल्या ६ ते ८ तासांत शिवतात. पू असताना तोंड बंद केलं तर तो आत कोंडतो. तळापासून भरू द्या. मात्र हाड किंवा शीर उघडी दिसत असेल, शेळी पाय टेकत नसेल, तर आजच पशुवैद्यक गाठा. नळीवर मांस कमी, त्यामुळे हाड लवकर उघडं पडतं.

पट्टी बांधताना जखमेवर गॉज ठेवा, त्याच्या वरून कापसाचा जाड थर द्या. पट्टीखालचा पाय गार लागला किंवा सुजला तर ताबडतोब सोडा. पाझर आहे तोवर रोज बदला. ओली झाली की वेळ न पाहता बदलाच.

उत्तर ३: धनुर्वाताचं कुणी बोललं नाही! शेळ्यांना तो होतो, आणि लक्षणं जखमेनंतर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतात: पाय ताठ, कान ताठ, जबडा उघडत नाही. लस झालेली नसेल तर अँटिटॉक्सिनबद्दल (धनुर्वाताचं विष निकामी करणारं इंजेक्शन) पशुवैद्यकांना आजच विचारा. साध्या लसीने प्रतिकारशक्ती यायला वेळ लागतो.

जखमेच्या कडेला पांढरे बारीक दाण्यांचे पुंजके दिसले तर ती माशीची अंडी. एका दिवसात अळ्या होतात. चिमट्याने लगेच काढा, केसांतली विशेषकरून.