आयर्लंडच्या सिनेटर फ्रान्सिस ब्लॅक: ज्या सभागृहाच्या हाती फारसं काही नाही, तिथे बोलून काय होतं?

आडवाट:
वरिष्ठ सभागृहाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच 'पडलेल्यांची सोय' हे शब्द येतात. विधान परिषदेबद्दल येतात, राज्यसभेबद्दलही येतात. आयर्लंडमध्ये शॅनडबद्दल, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाबद्दल, हेच म्हटलं जातं. 2013 साली तर हे सभागृह बंदच करायचं का, यावर सार्वमत झालं. 51.7 टक्के मतं 'राहू द्या' अशी पडली आणि ते थोडक्यात वाचलं. ते वाचलं हे बरं झालं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण फ्रान्सिस ब्लॅक.

या बाई मूळच्या गायिका. 2016 मध्ये अपक्ष म्हणून शॅनडवर आल्या. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी एक खासगी विधेयक आणलं: बळाने व्यापलेल्या प्रदेशात बेकायदा वसवलेल्या वसाहतींमधला माल आणि सेवा आयर्लंडने घ्यायच्या नाहीत. विधेयकात कुठल्या देशाचं नाव नव्हतं, पण रोख वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या इस्रायली वसाहतींवर आहे हे सगळ्यांना कळत होतं. सरकारचा विरोध होता. तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, म्हणजे आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचं घराणं. जानेवारीत मतदान पुढे ढकललं गेलं. जुलैत झालं तेव्हा 25 विरुद्ध 20 मतांनी सरकार हरलं. डिसेंबरात शॅनडने विधेयक पूर्ण मंजूर केलं. जानेवारी 2019 मध्ये खालच्या सभागृहाने, म्हणजे डॉलने, 78 विरुद्ध 45 मतांनी ते तत्त्वतः स्वीकारलं.

आणि तिथे गाडी रुतली. सरकारी तिजोरीवर भार पडू शकेल अशा विधेयकाला पुढे जायला सरकारचं संमतीपत्र लागतं, ते सरकारने दिलंच नाही. 2020 मध्ये नवी आघाडी आली, तिच्या कार्यक्रमात या विधेयकाला जागा नव्हती. ब्लॅक मात्र दरवेळी उभ्या राहून तेच विचारत राहिल्या. शेवटी जून 2025 मध्ये सरकारने स्वतःच अशा कायद्याचा मसुदा काढला. तो फक्त मालापुरता आहे, सेवा वगळल्यात. पण 2018 मध्ये जे 'शक्यच नाही' होतं, ते सात वर्षांनी सरकारी कागदावर आलं. बोलण्याला किंमत नसते म्हणणाऱ्यांनी हा प्रवास बघावा.

उलटतपासणी:
प्रवास बघितला, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. 2019 ते 2024 ते विधेयक जागचं हललं नाही. मग हललं कशाने? गाझातल्या युद्धाने. जुलै 2024 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हा कब्जा बेकायदा आहे आणि त्याला व्यापारातून हातभार लागू नये याची काळजी इतर देशांनी घ्यावी. त्यानंतर आयर्लंडच्या महाधिवक्त्यांनी नव्याने सल्ला दिला आणि मगच सरकार वळलं. त्याआधी ब्लॅक हजार वेळा उठून बोलल्या असत्या तरी काही झालं नसतं. हेगमध्ये जे घडलं त्याचं श्रेय डब्लिनच्या सिनेटरला का द्यायचं?

दुसरं असं की सरकारचा 2018 चा मुद्दा पोकळ नव्हता. बाहेरच्या देशांशी व्यापार कसा करायचा हे युरोपीय संघात ब्रसेल्स ठरवतं, एकेका सदस्य देशाला तो अधिकार नाही. कायद्यात बसत नाही हे माहीत असताना टाळ्यांसाठी विधेयक आणणं याला मी लोकशाही म्हणणार नाही.

आडवाट:
टाळ्यांसाठी? त्यांचा सगळा युक्तिवाद कायद्यावरच उभा होता. आयातीबद्दलच्या युरोपीय नियमांमध्ये सार्वजनिक नीतिमत्ता आणि सार्वजनिक धोरण या कारणांसाठी सदस्य देशाला अपवाद करता येतो. त्याच दारातून हे विधेयक नेता येईल असं त्या आणि त्यांच्या बाजूचे कायदेतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून सांगत होते. ते दार उघडं आहे की नाही यावर मतभेद होते, पण ते त्यांनी स्वतः रंगवलेलं नव्हतं.

हेगचं म्हणाल, तर न्यायालयाने मत दिलं त्या दिवशी आयर्लंडच्या संसदेत कलमांसकट तयार विधेयक पडून होतं. इतर किती देशांत होतं? पाऊस आला तेव्हा शेत नांगरलेलं होतं. नांगरणी कुणी केली हे तरी मान्य करा.

डब्लिनचीखिडकी:
मी इथे नऊ वर्षं राहते, रुग्णालयात नर्स आहे. ब्लॅकबाईंचं नाव मला पॅलेस्टाईनमुळे नाही, दारूच्या कायद्यामुळे कळलं.

इथे दारूविषयीचं सार्वजनिक आरोग्य विधेयक डिसेंबर 2015 मध्ये आलं आणि ऑक्टोबर 2018 मध्ये त्याचा कायदा झाला. मधली जवळजवळ तीन वर्षं दारू उद्योगाने जीव तोडून ते अडवायचा प्रयत्न केला. ब्लॅकबाई स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेल्या आहेत, हे त्या उघडपणे सांगतात. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी त्यांनी 2009 मध्ये राइज फाउंडेशन काढलं. पिणाऱ्यासाठी नाही, घरच्यांसाठी, हे लक्षात घ्या. अशी बाई सभागृहात उभी राहून दारूवर बोलते तेव्हा समोरच्याला आकड्यांमागे लपता येत नाही.

त्या कायद्याने काय बदललं ते मी रोज बघते. किराणा दुकानात दारूचा भाग आडोसा घालून वेगळा केलाय, पूर्वी दुधाच्या फ्रीजशेजारी बाटल्यांची चळत असायची. जानेवारी 2022 पासून दारूतल्या प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलला किमान दहा सेंट दर आहे, म्हणजे साध्या वाइनची बाटली साधारण सात युरो चाळीस सेंटच्या खाली विकता येत नाही. माझ्या वॉर्डात पिवळे डोळे आणि फुगलेलं पोट घेऊन जी माणसं येतात त्यांच्यात चाळिशी न गाठलेलीही असतात. त्यांच्या बायका, आया बाहेर बाकावर बसलेल्या असतात. त्यांच्या बाजूने संसदेत कुणी बोललं हे मला फार मोठं वाटतं.

पण ब्लॅकबाईंच्या वसाहतींबद्दलच्या विधेयकात सेवा घालायला मात्र माझा विरोध आहे, तेही सांगते. नवरा अमेरिकन कंपनीत आहे. परक्या देशाच्या बहिष्कारात भाग घेतला तर अमेरिकन कायदा तिथल्या कंपन्यांना धरतो. मग कंपनीने ऐकायचं कुणाचं, डब्लिनचं की वॉशिंग्टनचं? आमच्यासारख्या कितीतरी घरांचा हप्ता त्या कंपन्यांवर चालतो.

उलटतपासणी:
दारूच्या कायद्याबद्दल बोललात म्हणून सांगतो, बाटलीवर कर्करोगाचा इशारा छापायची तरतूद 2026 मध्ये अमलात यायची होती, ती 2025 च्या जुलैमध्ये सरकारने 2028 पर्यंत ढकलली. भाषणं झाली, कायदा झाला, आणि नेमकी उद्योगाला बोचणारी तरतूद मागे गेली. शॅनड काय करू शकलं? साधं विधेयकसुद्धा ते फार तर 90 दिवस लांबवू शकतं. आपल्या विधान परिषदेचीही गत तीच, आधी तीन महिने आणि मग एक महिना.

तासगावकर:
विधान परिषदेचं नाव निघालं म्हणून लिहितो. वि. स. पागे हे परिषदेचे सभापती होते, आमच्या विसापूरचे. रोजगार हमीची कल्पना त्यांची. 1965 मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग सुरू झाला, 72 च्या दुष्काळात योजनेने माणसं जगवली, 1977 मध्ये कायदा झाला. माझी आजी त्या कामावर खडी फोडायला होती. पुढे दिल्लीने देशभरासाठी कायदा केला तो याच वाटेने. वरच्या सभागृहात बसलेल्या माणसाला लोकांपुढे दर पाच वर्षांनी हात जोडायचे नसतात, म्हणून त्याला लांबचं बघता येतं. पागेंनी ते बघितलं. या बाईही तेच करताहेत असं वाटतं.

उलटतपासणी:
पागेंबद्दल पूर्ण आदर आहे, पण उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ते सत्ताधारी पक्षाचे होते, मुख्यमंत्री वसंतराव नाईक त्यांचं ऐकत होते, म्हणून ते घडलं. अपक्ष सदस्याकडे यातलं काय असतं?

आणि 'लोकांपुढे हात जोडायचे नसतात' हा गुण कसा? शॅनडच्या 60 जागांपैकी 43 जागांवर संसदेचे सदस्य आणि नगरसेवक मत देतात, 11 जण पंतप्रधान नेमतात, उरलेल्या सहा जागा 2025 च्या निवडणुकीपर्यंत दोन विद्यापीठांच्या पदवीधरांच्या होत्या. हा हक्क इतर संस्थांच्या पदवीधरांनाही देण्याची मुभा 1979 मध्ये घटनादुरुस्तीने मिळाली होती. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटकारेपर्यंत ती कुणी वापरली नाही. अशा सभागृहातून आलेला नैतिक आवाज मला खटकतो. तो आवाज चांगला असला तरी खटकतो.

आडवाट:
निवडणुकीची पद्धत वाईट आहे हे मान्य. सुधारायलाच हवी. पण 'हे आपल्या अधिकारात नाही' हे वाक्य आयर्लंडने आधीही ऐकलंय. जुलै 1984 मध्ये डन्स स्टोअर्स या दुकानातल्या एका तरुण कामगार मुलीने वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रूट गल्ल्यावर घ्यायला नकार दिला. तिला निलंबित केलं, सोबतचे मोजके सहकारी संपावर गेले. जवळजवळ तीन वर्षं ते दाराबाहेर उभे होते. त्यांनाही व्यापाराचे नियम सांगितले गेले. 1987 मध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेच्या फळभाज्यांवर बंदी घातली. 'बॉयकॉट' हा शब्दच मुळी 1880 च्या मेयो परगण्यातला, कुळांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीन-कारभाऱ्याला वाळीत टाकलं तिथला. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार होता आणि त्याच काळात आपली वर्तमानपत्रं हा आयरिश शब्द छापत होती. नातं जुनं आहे.

@डब्लिनचीखिडकी, तुमची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण सेवा वगळल्या तर उरतं काय? खजूर, फळं, थोडी सौंदर्यप्रसाधनं. वसाहतीतल्या घराची जाहिरात करणारी, पर्यटनाचं आरक्षण घेणारी कंपनी मोकळी राहणार. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीनेही जुलै 2025 मध्ये सेवा घ्या असंच सुचवलं.

डब्लिनचीखिडकी:
नवऱ्याशी परत बोलले. तो म्हणतो, कायद्यात नक्की कुठली सेवा हे नीट लिहिलं तर कंपन्या वाट काढतील, मोघम लिहिलं तर पळतील. इथवर मी येऊ शकते.

@उलटतपासणी, तुमच्या मुद्द्यात एक गोष्ट राहिली. माझ्याकडे अजून आयरिश नागरिकत्व नाही, डॉलसाठी मला मत नाही. पण इथे राहणाऱ्या कुणालाही स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. जून 2024 मध्ये मी दिलं. आमच्या भागातले जे नगरसेवक निवडून आले त्यांनीच जानेवारी 2025 मध्ये शॅनडसाठी मतं दिली, ब्लॅकबाई परत निवडून आल्या. त्यातला एक नगरसेवक प्रचाराला दारात आला होता. मी त्याला दारूच्या लेबलांबद्दल विचारलं, त्याने वहीत लिहून घेतलं. पुढच्या वेळी आला की लेबलं 2028 वर का गेली हेच पहिलं विचारणार आहे.