लूप, ओव्हरडब, ट्रिगर यांना मराठीत काय म्हणावं?

(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून आहेत.)

आर्वी : खंजिरी भजनाच्या मंडळांसाठी सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून ठेवून पॅड दाबला की वाजवणारं यंत्र, वापरण्याची टिपणं मराठीत लिहायची आहेत. यंत्र संगणकाशिवाय चालणारं, सोळा पॅडांचं. 'लूप', 'लेयर', 'ओव्हरडब', 'ट्रिगर', 'रीसॅम्पल' हे शब्द तसेच ठेवता येतील, पण वाचणाऱ्याला त्या शब्दातून हाताला काय करायचं ते कळलं पाहिजे. 'लूप'साठी 'आवर्तन' लिहिलं तर चालेल का?

दर्यापूर : 'आवर्तन' नको, ताई. तो तालाचा शब्द आहे आणि त्याच्या मात्रा ठरलेल्या आहेत: केरवा ८, दादरा ६, दीपचंदी १४. सॅम्पलरवरचा लूप एका आवर्तनाचा असू शकतो, चार आवर्तनांचाही. 'चार आवर्तनांचं आवर्तन' असं लिहावं लागेल आणि मंडळातला पखवाजवाला तिथंच अडेल.

'फेर' घ्या. शेतात डवऱ्याचा, म्हणजे कोळपणीच्या अवजाराचा, फेर प्रत्येकाला माहीत आहे, फेर धरून नाचणंही माहीत आहे. जिथून निघाला तिथंच परत येणं हा अर्थ दोन्हीत आहे. मूळ इंग्रजी शब्दही असाच वस्तूवरून आला: ध्वनिफितीचा तुकडा कापून त्याची दोन टोकं चिकटवली की कडं तयार होतं आणि यंत्रात ते फिरत राहतं. त्याही आधी, १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर यांनी तबकडीवरची खाच स्वतःवरच बंद करून तोच आवाज फिरवला होता. म्हणजे शब्दाच्या मुळाशी टोकाला टोक जुळणं आहे. आणि फेर बिघडतो तो नेमका या जोडावरच.

वडसा : 'फेर' म्हटलं की तलाठ्याकडचा फेरफार आठवतो. 'फेर घेतला' हे वाक्य आमच्या इकडं जमिनीचंच आहे.

दर्यापूर : म्हणून 'घेतला' नको. 'फेर भरला' म्हणा. कॅसेटच्या काळापासून आपण 'आवाज भरणे', 'कॅसेट भरून घेणे' असंच म्हणत आलो. रेकॉर्डसाठी 'भरणे' हा जुना, रुळलेला शब्द आहे.

वडसा : ते पटलं. आता फेर भरताना जोड का फसतो, हे टिपणात लिहाच, कारण शब्द त्यावरच ठरतील. कारणं दोन.

पहिलं, लांबी. केरव्याच्या मात्रा मिनिटाला १६० असतील तर एक मात्रा ०.३७५ सेकंदाची, आवर्तन ३ सेकंदांचं, चार आवर्तनांचा फेर १२ सेकंदांचा. यंत्राला दोन मात्रांचा एक ठोका समजू दिला तर वेग ८० लावायचा. मात्रेलाच ठोका धरला तर १६०. यंत्र आपोआप वेग ओळखतं तेव्हा नेमकी इथंच गफलत होते, अर्धा किंवा दुप्पट आकडा दिसतो. वाजवणारा ८२ ने वाजवून राहिला आणि यंत्र ८० वर असलं, तर सोळा ठोक्यांत जवळपास ०.३ सेकंद पोकळ राहतात. दर फेराला तेवढी ठेच लागते. यंत्राची टिकटिक हेडफोनमध्ये घेऊनच भरा.

दुसरं, शेपूट. खंजिरीच्या झांजांचा किणकिणाट शेवटच्या थापेनंतरही उरतो आणि फेर तिथं कापला की तो तुटतो. त्यावर सोपा उपाय आहे. एकाऐवजी दोन फेर सलग वाजवा आणि दुसरा ठेवा. पहिल्याची शेपूट दुसऱ्याच्या सुरुवातीत आलेली असते, म्हणून जोड ऐकू येत नाही. तरीही 'टक्' असा आवाज आला तर लहर मध्येच कापली गेली आहे. कापण्याची जागा लहर शून्यावर येते तिथं सरकवा, किंवा दोन्ही टोकांना ३ ते ५ मिलिसेकंदांचा उतार द्या.

आर्वी : आणि दादरा? यंत्र चारचारच्या मापावर अडकलेलं असतं.

वडसा : माप बदलता येत असेल तर तीनचं किंवा सहाचं लावा. येत नसेल तर तीन मापांचा फेर भरा: ४ गुणिले ३ म्हणजे १२ मात्रा, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. बरोबर बसतात. पण फेर सुरू करताना यंत्र 'पुढच्या मापाची वाट पाहा' या सेटिंगवर असलं तर तो दादऱ्याच्या मध्येच, चौथ्या मात्रेनंतर सुरू होऊ शकतो. दादरा असेल तेव्हा ती सेटिंग बंद करून हातानंच समेवर दाबायचं.

साकोली : लेयरचं बोला जी. 'थर' सगळीकडे लिहितात. मला तो अपुरा वाटतो. थर एकावर एक असतो, खालचा काढायचा तर वरचे उतरवावे लागतात. सॅम्पलरवर तसं नसतं. चार पॅडांवर चार फेर सोबत चालू असले तर मधला बंद केला तरी बाकीचे चालूच राहतात.

त्यासाठी 'पदर'. अंबाडीच्या दोराला तीन पदर असतात. वळण्याआधी प्रत्येक पदर सुटा असतो, हवा तर काढता येतो. एकदा पीळ घातला की दोर पक्का होतो, पण पदर वेगळा निघत नाही. रीसॅम्पल म्हणजे नेमका हा पीळ: चार पॅड वाजवून त्यांचा मिळून एकच नवा आवाज भरणं. पॅड मोकळे होतात, पण त्यातला ढोलक नंतर कमी करता येत नाही. म्हणून लेयर म्हणजे पदर, ओव्हरडब म्हणजे पदर चढवणे आणि रीसॅम्पल म्हणजे पीळ घालणे. कोणती कृती मागं घेता येते आणि कोणती नाही, हे शब्दातच दिसतं.

दर्यापूर : हे फार चांगलं. एक भर घालतो. पायानं दाबून फेर भरायच्या साध्या यंत्रावर, म्हणजे लूपरवर, ओव्हरडब केलं की नवा आवाज जुन्यात मिसळतो आणि बहुधा शेवटचाच पदर मागं घेता येतो. म्हणजे तिथं प्रत्येक पदरासोबत पीळही बसत जातो. टिपणात हा फरक स्पष्ट लिहा, नाहीतर लूपरची सवय असलेला माणूस सॅम्पलरवरही पदर एकाच पॅडवर चढवत राहील.

पदर वेगळे ठेवण्याचं सर्वांत मोठं कारण गायकाची पट्टी. काळी एकला भरलेला हार्मोनियमचा फेर काळी दोनला न्यायचा झाला आणि यंत्र वेग न बदलता सूर बदलू शकत नसलं, तर दर अर्ध्या सुराला आवाज सुमारे ६ टक्के वेगानं धावतो. काळी एक ते काळी दोन दोन अर्धे सूर आहेत, म्हणजे १२ सेकंदांचा फेर साधारण १०.७ सेकंदांवर येतो आणि ठेक्याशी जुळत नाही. सूर वेगळ्या पॅडवर असला तर तो एकटाच नव्या पट्टीत पुन्हा भरता येतो, खंजिरी-ढोलक जागेवर राहतात.

साकोली : आवाजाच्या पातळीचंही. एक पदर भरताना मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा. वेगवेगळ्या वाद्यांचे चार पदर एकत्र झाले की सरासरी पातळी साधारण ६ डेसिबलनं वाढते, आणि सगळ्यांची थाप समेवर एकदम पडली तर शिखर त्याहून वर जातं. पीळ घालण्याआधी प्रत्येक पॅड खाली घ्या. पीळ घालताना फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. पंख्याची घरघरही प्रत्येक पदरासोबत येते, म्हणून भरताना पंखा बंद.

स्पीकर चालू ठेवून पदर चढवू नका. माईक स्पीकरमधला जुना पदरही भरून घेतो, आणि तोही उशिरानं: स्पीकर ३.४ मीटरवर असला तर १० मिलिसेकंदांनी. तीन पदरांनंतर सगळं गढूळ ऐकू येतं. हेडफोन लावा, साधा डायनॅमिक माईक खंजिरीपासून एक वीतभर ठेवा.

आर्वी : 'सॅम्पल'ला 'नमुना' लिहू?

दर्यापूर : दोन अर्थ आहेत, दोन शब्द ठेवा. यंत्र सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजतं, त्यातलं प्रत्येक माप म्हणजे नमुना. पॅडवर ठेवलेला आवाजाचा तुकडा म्हणजे वानगी. बाजार समितीत धान्याची वानगी दाखवतात, तीच.

वडसा : 'वानगी' अर्थाला चोख आहे, पण तरुण पोरं 'सॅम्पल'च म्हणतील. दोन्ही लिहा. 'पॅड' मात्र बदलू नका. पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकांत आणि मिरवणुकीतल्या धुमाल वाद्यपथकांमध्ये 'पॅडवाला' हा माणूसच ठरलेला आहे. रोलँडचा ऑक्टापॅड १९८५ चा, आणि आता कोणत्याही कंपनीच्या यंत्राला तेच नाव पडलं आहे. फक्त कीबोर्डवरच्या लांबलेल्या मऊ सुरालाही 'पॅड' म्हणतात, तिथं 'भरीचा सूर' लिहा.

आता ट्रिगर. 'चाप' कोशात असेल, पण तो बंदुकीचा. मंचावर 'सोड' म्हणतात: 'दुसरा सोड', 'आता कोरस सोड'. पाणी सोडतात, बैल सोडतात, तसं. सोडलं की ते आपल्या गतीनं चालतं. फेरासाठी 'सोडणे' अगदी बरोबर. पण एकदाच वाजून थांबणाऱ्या आवाजाला, म्हणजे ढोलकाच्या एका थापेला, 'सोडणे' जमत नाही. तिथं 'ठोका'.

साकोली : यंत्रातले प्रकारही याच शब्दांत बसतात. एका दाबात पूर्ण वाजणारा आवाज म्हणजे ठोका. दाबून धरला तेवढाच वाजणारा म्हणजे 'धरून वाजवणे'. एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद: 'सोडा-आवरा'. भजनाच्या फेराला तिसरा प्रकार लावा. कोरसला दुसरा लावला तर बोट घसरताच ओळ तुटते. म्यूट ग्रुपला मात्र धड शब्द सुचत नाही. खंजिरीचा उघडा आणि बंद बोल एकाच गटात ठेवला की बंद बोल उघड्याचा नाद तोडतो, एवढं वाक्यच लिहावं.

धुमालच्या गाडीवर किंवा पोकळ मंचावर काठीनं वाजवायचा पॅड स्पीकरच्या कंपनानं आपोआप वाजतो. त्याचा उंबरठा वाढवा, म्हणजे हलका धक्का मोजला जाणार नाही, आणि खाली जाड फोम टाका. उंबरठा फार वाढवला तर हलकी थाप वाजणार नाही. जिथं आपोआप वाजणं थांबतं तिथून एकच पायरी वर ठेवा. एका थापेचे दोन आवाज येत असतील तर तो दोष वेगळा, तिथं लागोपाठच्या दोन ठोक्यांमधला किमान वेळ वाढवावा लागतो.

आर्वी : क्वांटाइझ, म्हणजे वेळ तालात जुळवून घेणं, राहिलं.

वडसा : तेही दोन. वाजवलेला ठोका जवळच्या मात्रेवर सरकवणं म्हणजे 'मात्रेवर बसवणे'. दाबलेला फेर पुढच्या मापापर्यंत थांबवून सुरू करणं म्हणजे 'समेवर सोडणे'. पहिलं खंजिरीला पूर्ण लावू नका, तिची लचक जाते, अर्ध्यावर ठेवा. दुसरं केरव्याला कायम चालू ठेवा.

आर्वी : मग टिपण असं लिहिते: 'वेग ८० लावा. खंजिरीचा १२ सेकंदांचा फेर पहिल्या पॅडवर भरा. दोनदा वाजवा, दुसरा ठेवा. तो सोडा, आणि हेडफोनवर ऐकत ढोलकाचा पदर दुसऱ्या पॅडवर भरा. हार्मोनियम तिसऱ्यावर, कोरस चौथ्यावर. चारही समेवर सोडून ऐका. पातळी खाली घ्या. मग पीळ घाला.'

साकोली : शेवटच्या वाक्याआधी एक ओळ घाला जी: 'चारही पदरांची प्रत दुसऱ्या बँकेत, म्हणजे पॅडांच्या दुसऱ्या संचात, ठेवा.'