मदत हवी आहे: हजारातले सात दाणे वेगळे कसे करून दाखवू? (नववीचा युरेनियमचा प्रकल्प, नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नववीत आहे. पुढच्या महिन्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिनं विषय घेतलाय युरेनियम. खाणीतून काढतात कसं, वेगळं करतात कसं, वापरतात कुठे. मी बारावी कॉमर्स, इंदिरानगरला घरूनच पापड-कुरडयांचा व्यवसाय करते. गेले पंधरा दिवस तिच्यासोबत मीही शिकतेय. एका जागी दोघी अडलोय.

विषय डोक्यात आला तो लासलगावमुळे. माझं माहेर तिथलं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं कांद्याला किरणं देणारं 'कृषक' केंद्र तिथे आहे. दिवाळीत लेकीनं आजोबांना विचारलं, "आबा, कांद्याला युरेनियमची किरणं देतात का हो?" आबा म्हणाले, नाही गं, कोबाल्ट-६० असतो. मग तो कुठून येतो, हे शोधायला ती बसली. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवतात, तो न्यूट्रॉन पकडतो आणि कोबाल्ट-६० होतो. भट्टी चालते युरेनियमवर. म्हणजे आबांच्या चाळीतल्या कांद्याला कोंब येऊ न देणाऱ्या किरणांची सुरुवात झारखंडच्या खाणीत! (किरणं दिल्यानं कांदा किरणोत्सारी होत नाही, हे तिनं पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. आमच्या गल्लीत ती भीती अजून आहे.)

खाणीचा भाग जमलाय. झारखंडात जादुगुडाला दगड दळून गंधकाम्लात भिजवतात, त्यात युरेनियम विरघळतं, मग ते रेझिनवर (युरेनियम धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांवर) पकडून पिवळ्या गाळाच्या रूपात बाहेर काढतात. आंध्रात तुम्मलपल्लेला दगड चुनखडीच्या जातीचा. त्यावर आम्ल ओतलं तर ते चुन्यातच खर्ची पडेल, म्हणून तिथे सोड्याच्या द्रावणानं काढतात. हे दाखवायला आम्ही शहाबादी फरशीच्या तुकड्यावर लिंबू पिळलं. फेस आला, लिंबू वाया गेलं. परीक्षकांना लगेच कळेल. दोन्हीकडचा पिवळा माल पुढे हैदराबादला जातो, तिथे त्याच्या गोळ्या भाजून झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात.

अडलंय ते वेगळं करण्यावर. निसर्गातल्या युरेनियमच्या हजार अणूंत साधारण सातच २३५ वजनाचे, भट्टीत मुख्यतः फुटणारे; बाकी जवळजवळ सगळे २३८ वजनाचे. तिनं ज्वारीचे हजार दाणे मोजले आणि सातांना लाल नेलपॉलिश लावलं. एका संध्याकाळचं काम झालं. आता हे सात वेगळे कसे करतात ते दाखवायचं. रसायनं वापरून होत नाही, कारण रसायनाच्या दृष्टीनं दोघं सारखेच. फरक फक्त वजनाचा. म्हणून मी सूप काढलं. बाजरी आणि बारीक खडे घेऊन पाखडलं, तर चार हिसक्यांत खडे एका बाजूला, बाजरी दुसऱ्या. पोरगी नाराज झाली. म्हणाली, "आई, हे खोटं आहे. इतकं सोपं असतं तर कारखाने कशाला लागले असते?"

तिचं बरोबर आहे. युरेनियमचा वायू करतात, युरेनियम हेक्साफ्लोराइड. त्याच्या हलक्या रेणूचं वजन ३४९, जड रेणूचं ३५२. फरक तीनाचा. सुपात तर दुप्पट-तिप्पट फरक होता. शाळेतल्या एका सरांनी सुचवलं की चाळणी दाखव, कुणाला कळतंय. मला ते पटलं नाही. हा फरक किती नगण्य आहे आणि तेच काम किती वेळा करावं लागतं, हे समोरच्याला हातानं कसं अनुभवायला द्यावं?

दुसरा प्रश्न. आपल्या बऱ्याच अणुभट्ट्या हे वेगळं न करताच चालतात असं वाचलं. मग हा भाग ठेवावा की काढावा?

प्रतिसाद, जुना_केमिस्ट:
ताई, मुलीला शाबासकी सांगा. साधा कॅल्क्युलेटर घ्या. ३५२ भागिले ३४९, त्याचं वर्गमूळ १.००४३. सच्छिद्र पडद्यातून वायू ढकलण्याची जी जुनी पद्धत, तिच्या एका टप्प्यात हलक्याचं प्रमाण जास्तीत जास्त इतक्याच पटीनं वाढतं. ७ ला १.००४३ नं गुणत राहा. सातचे आठ व्हायला बत्तीस वेळा गुणावं लागेल. ज्या भट्ट्यांना असं वेगळं केलेलं युरेनियम लागतं, त्यांतल्या बहुतेकींना हजारात ३० ते ५० लागतात. ३५ पर्यंत जायला पावणेचारशे वेळा, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण प्रत्येक टप्प्यावर उरलेला माल मागे फिरवावा लागतो. बटण परीक्षकांनाच दाबू द्या. आता सगळीकडे फिरणारी नळकांडी वापरतात, सेंट्रिफ्यूज. त्यात एका टप्प्याला फरक जास्त पडतो, म्हणून टप्पे कमी लागतात. आणि हेक्साफ्लोराइडच का, तर फ्लोरिनचा निसर्गात एकच समस्थानिक आहे, म्हणजे त्याचे सगळे अणू एकाच वजनाचे. त्यामुळे वजनातला फरक येतो तो निव्वळ युरेनियममुळे. हे पोस्टरवर हवंच.

प्रतिसाद, पालघरकर:
भाग अजिबात काढू नका. तारापूरला एकाच आवारात दोन्ही प्रकार आहेत. १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या, त्यांना समृद्ध, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम लागतं. तीन आणि चार नंबरच्या भट्ट्या जड पाण्याच्या (ज्यातला हायड्रोजन जड जातीचा असतो), त्यांना निसर्गातलं तसंच चालतं. अणू फुटत राहायला न्यूट्रॉन लागतात. साधं पाणी बरेच न्यूट्रॉन गिळतं, जड पाणी फार कमी गिळतं, म्हणून सात दाण्यांतही भागतं. तिथे मेहनत युरेनियमवर नाही, जड पाणी वेगळं काढण्यावर.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर बसलो. ती बटण दाबत होती, मी मोजत होते. बत्तिसाव्या वेळी आठाचा आकडा ओलांडला तेव्हा तिनं ज्वारीचा एक पांढरा दाणा काढून लाल टाकला आणि वाटीकडे बघतच राहिली. आता पाच वाट्या मांडणार, ७ पासून ३५ पर्यंत, प्रत्येकीखाली 'किती वेळा' ते लिहून. जड पाण्याचा तक्ता बाजूला.

एकच गोष्ट राहिली. सेंट्रिफ्यूजसाठी दुधाचा हातानं फिरवायचा जुना क्रीम सेपरेटर मिळाला तर फार बरं होईल. हलकी साय मध्याशी, जड दूध कडेला, अगदी तसंच. नाशिक, सिन्नर किंवा निफाडकडे कुणाच्या घरी माळ्यावर पडलेला असेल तर कळवा. मी स्वतः येऊन नेईन, धुऊन-पुसून परत आणून देईन.