प्रोजेक्टला जपान कशाला, शेजारचा तांडा का नाही?

गोदाकाठ (नांदेड)
पोरगी सहावीत आहे. शाळेनी 'दुसऱ्या देशाची संस्कृती' असा प्रोजेक्ट दिला, तिला जपान आला. शनिवारी रात्री सायबर कॅफेवरून किमोनो, सुशी, फुजी पर्वताच्या कलर प्रिंट काढून आणल्या आन चिकटवत मीच बसले कारण ती झोपून गेली होती. सकाळी विचारलं की किमोनो कधी घालतात गं, तर तिला माहीत नाही, मलाही नाही. आमच्या घरापासून सचखंड गुरुद्वारा चालत जायच्या अंतरावर. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजी इथंच गेले, पोरगी लंगरमध्ये कितीदा जेवलीय, पण शेजारच्या शीख काकांच्या हातात कडं का असतं हे तिनं कधी विचारलं नाही. तिकडं धर्माबादला बायका बतुकम्मा खेळतात, फुलांची उतरंड रचतात, ते पण आपल्याच जिल्ह्यात. माझं म्हणणं, ज्या माणसाशी लेकराला बोलताच येणार नाही त्याच्यावर प्रोजेक्ट देऊच नका.

लातूरकर बाप
ताई, नाही पटलं. जवळचं लेकरं उशिरा का होईना बघतातच, लांबचं शाळेनी नाही दाखवलं तर कोण दाखवणार? आन जपान तर आमच्या लातूरला लईच जवळचा विषय आहे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. भूकंपात काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. 1923 ला जपानात मोठा भूकंप झाला, त्याच्या आठवणीत तिथं दर वर्षी 1 सप्टेंबरला सराव करतात, शाळेतली लेकरं डोक्यावर हात घेऊन बाकाखाली बसतात. माझ्या पोरानं हे प्रोजेक्टमध्ये लिहिलं आन घरी येऊन आजीला विचारलं, तुम्ही त्या रात्री कुठं होता. आई त्या रात्रीबद्दल पहिल्यांदाच इतकं बोलली. किमोनो चिकटवायला लावला ही चूक विषय देणाऱ्याची आहे, त्यात जपानचं काय चुकलं?

खडू-फळा (परभणी जिल्हा, झेडपी शाळा)
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण मी लातूरकरांकडून. राज्यांच्या जोड्या लावून एकमेकांची संस्कृती शिकवायची केंद्र सरकारची 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजना आहे, त्यात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांनी तालुक्याच्या पुढं काही पाहिलेलं नाही. तिकडचं पखाळ म्हणजे भात पाण्यात भिजत ठेवून खातात असं सांगितलं तर एक पोरगं उठून म्हणालं, सर आमची आजी पण शिळी भाकर ताकात कुस्करून खाते. चार्टवर तो धडा आला नसता. आन गोदाकाठ ताई, गुरुद्वारा, दर्गा, विहार दाखवायला न्यायचं म्हटलं की दोन-तीन पालक लगेच मुख्याध्यापकांकडं येतात. मी तरीही नेतो, पण सगळ्या मास्तरांना ते जमंल असं धरून चालू नका.

याडीची लेक
मी तांड्यावरची, म्हणजे बंजारा वस्तीवरची, बीड जिल्हा. शीर्षकात आमचा तांडा आहे म्हणून लिहिते. मी सातवीत असताना शाळेत 'विविध संस्कृती' कार्यक्रम झाला. एका मुलीला भाड्यानी आणलेली फेटिया-कांचळी (आमचा घागरा-चोळी) घातली, आन मी, जिची आजी रोज तेच घालते, मागच्या रांगेत युनिफॉर्मवर बसलेली. कुणी विचारलं नाही की कांचळीला आरसे कसे लावतात, तुम्ही घरी काय बोलता. वर्गात आमच्या गोरबोलीतला शब्द तोंडातून गेला की पोरं हसायची. त्यामुळं शेजारच्यावर प्रोजेक्ट केला म्हणजे आपोआप चांगलं होतं असं मला नाही वाटत. जपानच्या माणसाला तुमचा चार्ट दिसत नाही, मला दिसत होता.

लातूरकर बाप
हे वाचून गप्प झालो. तरी विचारतो, मग करायचंच नाही का?

याडीची लेक
करा ना. पण आधी आमच्याशी बोला, कपडे नंतर.

गोदाकाठ (नांदेड)
'शेजारचा तांडा' असं मी सहज लिहून गेले, कुठलीच ओळख नसताना. लातूरकर, 1 सप्टेंबरचं पोरीला सांगते, चार्ट परत करायला लावते. आन ताई, तिला घेऊन तुमच्याकडं आले तर चालेल का? तीज कधी असते?

याडीची लेक
श्रावणात. पण शेवटी तीज पाण्यात सोडतो त्या बोळवणीच्या दिवशी येऊन फोटो काढून जाऊ नका. टोपलीत गहू पेरतो त्या दिवशी या, पोरींसोबत तिलाही पाणी घालू द्या. गाणी तिथंच शिकता येतील. माझी आजी मराठी कमी बोलते, तेवढं पोरीला आधी सांगून ठेवा.