रंग बदलणारी काच आणि सौरघटाची जोडी

दादा, जुन्या घरात वीज दिली की रंग बदलणाऱ्या काचेसाठी नवी वायरिंग कुठून ओढायची, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मला उत्तर सौरघटात दिसतं. काचेवरच्या टंगस्टन ऑक्साईडच्या पातळ थराला एक ते तीन व्होल्ट पुरतात. विद्युतदाब दिला की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, थरात शिरतात आणि काच निळी होते, दाब उलटा केला की पुन्हा पारदर्शक. संशोधक एस. के. देब यांनी या ऑक्साईडचा रंगबदल १९६९ मध्येच मांडला होता. रंग एकदा बदलला की वीज तोडली तरी तो बराच वेळ टिकतो, म्हणून चौकटीतली लहानशी सौरपट्टीही भागवू शकते.

मला जास्त ओढ आहे ती पुढच्या जोडीची, काच आणि बॅटरीच्या. या काचेची रचना मुळात बॅटरीसारखीच. आयन साठतात तसा विद्युतभारही साठतो, आणि काच फिकी होताना त्यातली थोडी वीज परत मिळते. किती भार उरलाय ते रंगच सांगतो!

बेळगावात एप्रिलच्या दुपारी आमची पश्चिमेची खोली भट्टी होते. आई खिडकीला ओलं गोणपाट लावते, मग दिवसा दिवा लावावा लागतो. मला ही काच तिथेच हवी आहे. खानापूरकडे मात्र पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन पडत नाही. तिथे काच गडद राहून अडकू नये म्हणून सौरपट्टीसोबत छोटी बॅटरी ठेवाच.